बर्फातल्या पिशव्या

मयेकर सर गेले हे मला बॅनरवरून कळलं. भाईंदर पूर्वेला स्टेशनबाहेर ज्या बांबूंवर एरवी वाढदिवसाचे बॅनर लागतात, त्याच बांबूंवर. वर ओळीने नेत्यांचे चेहरे, सगळे हसरे, कारण श्रद्धांजलीसाठी वेगळा फोटो काढून ठेवायची पद्धत आमच्याकडे नाही. खाली डाव्या कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढे सर. पण 'रक्तमहर्षी' ही पदवी मात्र ठळक लाल अक्षरांत. ही पदवी त्यांना कुणी दिली होती असं तुम्हाला वाटत असेल तर ते चूक आहे. एका शिबिराच्या पत्रिकेत त्यांनी ती स्वतःच छापून घेतली, आणि नंतर लोकांना सवय झाली.

बॅनरखाली उभा राहून मी हसलो. मला सर आवडत नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहिलंय असं कुणी म्हणायला नको.

मी एका रक्तपेढीत टेक्निशियन आहे. शिबिरांना जायचं, दात्याची शीर शोधायची, सुई घालायची, भरलेल्या पिशव्या सांभाळून पेढीत आणायच्या, हे माझं काम. आडनाव गुरव. सर मला तेवढ्यानेच हाक मारत, आणि तीही शेवटच्या बाकावरच्या मुलाला मारावी तशी. सर निवृत्त शिक्षक, विज्ञानाचे. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत जातात, भजनाला बसतात. सरांनी रक्तदान शिबिरं भरवायला घेतली. मंडळ कुठलंही असो, नेता कुठल्याही पक्षाचा असो, शिबिराचे संयोजक मयेकर सर. पांढरा बुशशर्ट, खिशाला पेनं, खांद्याला कापडी पिशवी आणि तोंडात व्याख्यान.

व्याख्यान टाळता यायचं नाही, कारण ते सुई आत गेल्यावर सुरू व्हायचं. दाता खाटेवर आडवा, हातात पिळायला स्पंजचा चेंडू, उठून जायची सोय नाही. सर पिशवीतून दोन पाइप काढायचे. एक गॅसचा, जाड रबरी. दुसरा मऊ प्लास्टिकचा, दाबला की चपटा होणारा.

"ही धमनी. हृदयाकडून येणारी प्रेशरची लाइन. भिंत जाड पाहिजे, नाहीतर फुटेल. आणि ही नीला, परतीची लाइन. परतीच्या लाइनीला प्रेशर नाही. मग पायातलं रक्त वर कसं चढतं? सांगा!"

खाटेवरचा माणूस कसनुसं हसायचा.

"झडपा! आत झडपा आहेत. वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. लिहून घ्या."

लिहून घ्यायला त्याचा हात मोकळा नाही, हे सरांच्या लक्षात यायचं नाही. "आणि केशवाहिन्या? इतक्या बारीक की तांबडी पेशी अंग चोरून जाते. एकामागून एक, रांगेत. रांग मोडत नाही. रांग तुम्ही मोडता, नळावर. समजलं? नाही समजलं. पुढे."

'समजलं? नाही समजलं. पुढे.' हे त्यांचं पालुपद. मधे उत्तर द्यायला जागाच ठेवलेली नसायची.

एवढा भाग बरोबर असे, आणि त्याचाच मला जास्त राग येई. पण पुढे सोलकढी होती. सर घरून काचेच्या बाटलीत सोलकढी आणत आणि टेबलावर न हलवता ठेवत. थोड्या वेळाने तिचे दोन थर झाले की बाटली उंच धरून म्हणत, "बघा, हेच रक्त! स्थिर ठेवलं की थर होतात. खाली जड, ते तांबड्या पेशी. वर हलका तो प्लाझ्मा, रक्तातलं पाणी. आणि मधे ही पुसट साय दिसते का? त्यात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट. पांढऱ्या पेशी म्हणजे वॉचमन. प्लेटलेट म्हणजे प्लंबर. पाइप फुटला की चिकटून भोक बुजवणार."

लोक टाळ्या वाजवत. आता कुठल्याही कोकणी बाईला विचारा. सोलकढीत नारळाचं दूध तरंगून वर येतं आणि कोकमाचं पाणी खाली राहतं. रक्तात पाणी वर आणि पेशी खाली. म्हणजे सरांच्या बाटलीतलं रक्त डोक्यावर उभं होतं. हे मला पहिल्याच शिबिरात कळलं. मी बोललो नाही. मी ते जपून ठेवलं. प्रत्येक शिबिरात बाटली वर गेली की मी मान खाली घालून मनातल्या मनात हसत असे. एखाद्याला तुच्छ मानायला बोलावं लागत नाही. उलट बोललं तर तो सुधारण्याचा धोका असतो.

एकदा नवघर रोडवरच्या एका मंडळात शाहकाका आले, कपड्यांचे दुकानदार, अंगाने भरलेले. अशा हातात शीर दिसत नाही, बोटाने चाचपून शोधावी लागते. मी चाचपत होतो. सर आले.

"गुरव, काय शोधतोस? कोपराच्या आत बघ, तिरकी जाते." मग शाहकाकांकडे वळून त्यांनी आपलं हिंदी काढलं. "घबराना नहीं, भाई. ये नीला है, नीला. इसमें प्रेशर नहीं. बाजू में धमनी है, उसको हात नहीं लगानेका. वो डायरेक्ट हार्ट से आती है. उसको सुई लगी ना, तो फव्वारा! सीधा छत तक!"

शाहकाकांनी माझ्या बोटांखालून हात काढून घेतला. "मारे नथी आपवुं," मला नाही द्यायचं, असं गुजरातीत म्हणून ते चपला घालून निघाले. जाता जाता दात्यांना भेट द्यायला ठेवलेला जेवणाचा डबा मात्र घेऊन गेले. सर त्यांच्या मागे दारापर्यंत गेले. "अहो, मी शास्त्र सांगत होतो!"

स्वतः सरांनी कधी रक्त दिलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, "मला चक्कर आली तर शिबिर कोण बघणार?" फोटोत मात्र ते प्रत्येक खाटेशी, दात्याचा अंगठा धरून, जणू रक्त त्यांच्याच बोटातून वाहतंय.

एका साहेबांच्या वाढदिवसाला सरांनी मोठं शिबिर भरवलं होतं. भेट म्हणून बॅगा होत्या, त्यामुळे रांग गल्लीबाहेर गेली. इतकं रक्त त्या महिन्यात कुणाला लागणार नव्हतं, पण साहेबांना मागच्या वर्षीपेक्षा जास्त आकडा हवा होता. पुढे प्रमाणपत्रांवर शिक्का घ्यायला सर पेढीत आले, तेव्हा कोपऱ्यात कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या.

"हे काय रे?"

"मुदत संपलेलं रक्त, सर. तुमच्याच शिबिरातलं."

त्यांनी वाकून पिशव्या मोजल्या. मग म्हणाले, "याचा फोटो काढू नकोस."

बस, एवढंच. माझ्या मनातलं त्यांचं चित्र त्या दिवशी पूर्ण झालं. त्यानंतर शिबिर ठरवण्याआधी ते पेढीला फोन करू लागले. "तुम्हाला आत्ता हवंय का? नसेल तर पुढे ढकलतो." मी हे जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या आवाजात करून दाखवत असे. नवीन नाटक, असं म्हणून.

आता चौकचं सांगतो. इथे चौक म्हणजे रस्त्यांचा चौक नव्हे. उत्तनच्या बाजूचं, समुद्रावरचं कोळ्यांचं गाव.

पाऊस संपून डेंग्यू सुरू झाला होता. डेंग्यूत प्लेटलेट घटतात, फारच घटल्या की हिरड्यांतून, नाकातून, कधी आतल्या आत रक्त वाहायला लागतं. चौकच्या सायमन नाखव्याची बायको फिलोमिना भाईंदरच्या एका हॉस्पिटलात होती आणि तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टरांनी प्लेटलेट आणायला सांगितल्या. आमच्याकडे एकही पिशवी शिल्लक नव्हती, आसपासच्या पेढ्यांतही नाही. सायमन बोटीचा मालक, पण त्या दिवशी आमचं काउंटर दोन्ही हातांनी धरून उभा होता. सर शेजारीच उभे होते, कुठल्यातरी प्रमाणपत्रासाठी आलेले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्या गावातच शिबिर घेऊ. उद्या. माणसं तू आण, बाकी माझ्यावर सोड."

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तांबड्या पेशी फ्रिजमध्ये महिनाभर राहतात. प्लाझ्मा गोठवला की वर्षभर टिकतो. प्लेटलेटना थंडी मुळीच सोसत नाही. त्या साध्या खोलीच्या हवेत, सतत डोलणाऱ्या ट्रेवर ठेवाव्या लागतात आणि तरी चार-पाच दिवसांतच संपतात. ज्या रक्तातून त्या काढायच्या, तेही आधी गार होता कामा नये. गारठलेल्या रक्तातून बाकी सगळं मिळतं, प्लेटलेट मिळत नाहीत. वाढदिवसांच्या शिबिरांतून आम्हाला बहुतेक तांबड्या पेशीच हव्या असत, म्हणून तिथे पेट्यांत बर्फ असायचा. सरांनी वर्षानुवर्षं तो बर्फ पाहिलेला. आज तो नको होता. हे मला माहीत होतं, सरांना नव्हतं.

मच्छीमारांच्या हॉलमध्ये खाटा मांडल्या. बोटी किनाऱ्याला लावून माणसं आली होती. यातल्या कितीतरी जणांनी आयुष्यात सुई पाहिली नव्हती. एक जण विचारत होता, "रगत दिल्यावर बोट वढायला जमंल ना?" दुसरा म्हणाला, "तुजा रगत काढला तर ताडी निंघंल!" शिबिराचे डॉक्टर दात्यांचा दाब तपासण्यात अडकले होते. पिशव्या माझ्याकडे होत्या.

पहिल्या पिशव्या भरल्या तेव्हा सायमन आणि दोन गडी मासळीची मोठी पेटी उचलून आत आले. काठोकाठ ठेचलेला बर्फ.

"सर, बरफाची काळजी नको. फॅक्टरीतून आत्ताच आनलाय. मासली वर आली का पयला बरफ, मंग बाकी काय ता. रगत तर मासलीहून नाजूक हाय."

"बघा!" सर म्हणाले. "ह्याला म्हणतात जाण."

मी जवळ गेलो. "सर, आज बर्फ नको. प्लेटलेट काढायच्यात."

"दर शिबिरात बर्फ असतो की नसतो?"

"असतो, पण..."

"साहेबांच्या वाढदिवसाच्या रक्ताला बर्फ, आणि ह्या पोरीच्या रक्ताला उघड्यावर? बाहेर ऊन बघितलंस?" मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "गुरव, तू लेबलं चिकटव. विचार करायला मी आहे."

हॉल हसला. कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं, "सायबाला उन्ह लागलाय, त्याला पन बरफावर ठेवा!" अजून हसले.

मी म्हणालो, "बरं."

त्या 'बरं'मध्ये काय होतं ते आज सांगतो. इतकी वर्षं सांगितलं नाही, बायकोलाही नाही. त्यात घाबरणं नव्हतं. सरांना मी कधी घाबरलो नव्हतो. मी मनात म्हणालो, होऊ दे. संध्याकाळी पेढीतल्या डॉक्टरबाई पेटी उघडतील, आणि मग ह्या माणसाचे पाइप, सत्काराच्या शाली, सोलकढी, सगळं एकदम खाली येईल. असा विचार मी केला. अगदी पूर्ण वाक्यात केला. फिलोमिना त्या वाक्यात नव्हती.

सरांनी बाह्या वर केल्या आणि पिशव्या स्वतः बर्फात रचल्या. बर्फाचा थर, पिशव्या, पुन्हा बर्फ, पापलेटं रचावीत तशा. सायमन दाखवत होता, "असा नको सर, आडवा," आणि सर आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकत होते. वर ओलं गोणपाट टाकलं. त्या दिवशी सरांनी एकही फोटो काढून घेतला नाही. हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

पिशव्या माझ्या ताब्यात होत्या. पेढीची स्वतःची पेटी, साध्या हवेची, माझ्या पायाशी रिकामी होती. त्या उचलून तिच्यात ठेवल्या असत्या आणि झाकणावर बसलो असतो तरी काम झालं असतं. निदान नंतर भरलेल्या पिशव्या वाचवता आल्या असत्या. मी जेवायला गेलो. शेजारच्या ओटीवर सायमनच्या बहिणीनं आम्हा पेढीच्या माणसांसाठी केलं होतं. तळलेले बोंबील, सुरमईचं कालवण, भात. ती वाढताना म्हणाली, "पोटभर खा भावा, आमच्या वैनीसाठी उन्हातानाचं आलाव." मी भात पुन्हा मागून घेतला. बसल्या जागेवरून हॉलचं दार दिसत होतं, आणि दारात सर, गोणपाटावर पाणी शिंपडताना.

संध्याकाळी गाडीत सर ड्रायव्हरशेजारी बसले होते. पेढीत पोचल्यावर डॉक्टरबाईंनी पेटीचं झाकण उघडलं, आत हात घातला आणि तसाच ठेवला.

"हे बर्फात कुणी ठेवलं?"

"मी," सर म्हणाले.

"ह्यातून प्लेटलेट निघणार नाहीत. एकही नाही." मग माझ्याकडे बघून, "टेक्निशियननं सांगितलं नाही?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी लेबलांकडे.

"त्याला मी बोलूच दिलं नाही. माझ्या शिबिरात माझाच शब्द चालतो."

"तुमच्या शब्दावर प्लेटलेट जगत नाहीत, सर."

मी ह्याच वाक्याची सकाळपासून वाट बघत होतो. ते आलं. सर टेबलाला धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला, पण मी ठरवला होता तसा नाही पडला. 'समजलं? नाही समजलं. पुढे' हे पालुपद आलं नाही. मग म्हणाले, "त्या पोराला कोण सांगणार? मीच सांगतो." डॉक्टरबाईंनी मला कागद देऊन त्यांच्याबरोबर पाठवलं.

हॉस्पिटलच्या जिन्यापाशी सायमन बसला होता. सर त्याच्यासमोर उभे राहिले आणि फळ्यासमोर बोलावं तसं स्पष्ट बोलले. काय करायला नको होतं, काय केलं, त्यामुळे काय झालं. शेवटी म्हणाले, "चूक माझी."

सायमननं सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःचे तळहात पुढे केले.

"बरफ तर मीच आनला, सर. मीच म्हनलो. कसा रचायचा ता पन या हातांनी दावला मी."

"तू नाही. मी."

"तुमाला काय म्हाईत! तुमी मास्तर. बरफाचा मना म्हाईत."

"अरे, तू नाही!" सर ओरडले. वॉर्डातून सिस्टर बाहेर आली. एक नवरा आपल्या बायकोचं औषध आपल्याच हातानं नासवलं असं धरून बसला होता, एक म्हातारा तो दोष त्याच्याकडून हिसकावून घ्यायला बघत होता, आणि ज्याचा तो दोष होता तो, म्हणजे मी, कागद हातात घेऊन बाजूला उभा होतो. मी तिथेही बोललो नाही. सिस्टरनं दटावलं, "शांत बसा जरा," तेव्हा मला बरं वाटलं. सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं होतं, त्यात मीही आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईच्या एका पेढीतून प्लेटलेट मिळाल्या. सायमनचा भाऊ त्या घेऊन आला. तोवरचे तास कसे गेले ते सायमनला विचारा, मला नको. फिलोमिना वाचली. ती वाचली म्हणून मी केलेलं लहान होत नाही. ती माझ्यामुळे वाचली नाही, एवढं नक्की.

सर मात्र नाही वाचले, शिबिरांच्या दृष्टीनं म्हणतोय. बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्यांच्या वाढदिवसांना त्यांनी गल्लीबाहेर रांगा लावल्या, ते साहेब त्यांना 'बर्फ सर' म्हणू लागले. पुढच्या शिबिराला संयोजक म्हणून एक तरुण आला. त्याला नीला आणि धमनीतला फरक माहीत नव्हता, पण ड्रोननं व्हिडिओ काढता येत होता. 'बर्फ सर' हे नाव आमच्या पेढीतही चाललं. मीही वापरलं. जेवणाच्या सुट्टीत गोणपाटावर पाणी शिंपडण्याची नक्कल मी इतकी छान करायचो की लोक पुन्हा करायला लावत.

बॅनर पाहिल्यानंतरच्या रविवारी मी चौकला गेलो. सायमन घरासमोर जाळं शिवत बसला होता. मी उभ्याउभ्या सांगितलं. मी बर्फाला नको म्हटलं होतं, मग गप्प बसलो, जाणूनबुजून बसलो, जेवायला गेलो. सगळं. आधी आठवून ठेवलेली चांगली वाक्यं एकही आली नाहीत.

"सरला म्हाईत व्हता, तू मुद्दाम गप बसला ता?"

"होतं."

"मना सर येऊन येऊन सांगत, सायमन, तुजी चूक न्हाय. मना वाटला, मना बरा वाटावा म्हनून बोलतान." त्यानं जाळ्यातली सुई थांबवली. "आनी तू आज सांगतंय. ते गेले म्हनून?"

मी हो म्हणालो.

तेवढ्यात फिलोमिना चहाचे कप घेऊन दारात आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. सायमननं मान वर न करता हातानंच तिला आत जायला खुणावलं. ती माझ्याकडे बघत, चहा तसाच घेऊन, आत गेली. तो पुन्हा शिवायला लागला. मी निघालो.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधी काही महिने. भाईंदर पश्चिमेला, उत्तनच्या बस जिथून सुटतात तिथे. कुणाच्यातरी मुलीला दहावीचं विज्ञान शिकवायला निघाले होते आणि रिक्षा शोधत होते. बुशशर्ट तोच, गळ्यापाशी सैल झालेला. तोंड चुकवायला जागा नव्हती.

"गुरव. शिरा सापडतात ना आता?"

"हो, सर." आणि कसं कोण जाणे, पुढचं तोंडातून गेलं. "सर, त्या दिवशी चौकला मी पुन्हा सांगायला हवं होतं."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तू एकदा सांगितलंस, आणि बरं म्हणून गप्प बसलास. मी जन्मभर वर्गावर उभा राहिलोय. ज्या पोराला उत्तर खरंच येतं ना, ते हात खाली घेत नाही. दटावलं तरी नाही घेत. तू घेतलास. मला वाटलं, ह्याला नक्की माहीत नाही."

"माहीत होतं, सर."

"ते मला नंतर हॉस्पिटलला जाताना गाडीत कळलं. तू जेवत होतास तेव्हा माझ्याकडे बघत होतास. पेटीकडे एकदाही नाही. माझ्याकडे." त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "इतका का राग होता रे तुला माझा?"

मला उत्तर येत होतं, पण त्या फुटपाथवर ते फारच क्षुल्लक वाटलं.

"डॉक्टरबाईंना का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"पिशव्या रचल्या कुणी? मी. माझ्या शिबिराचं श्रेय मी कधी कुणाला दिलंय, की तुला देईन?" हे ते अगदी जुन्या तोऱ्यात बोलले. मग माझं कोपर धरलं. पकड शिक्षकाची, दुखेल अशी. "पण सायमनचं वेगळं. तो अजून समजतो की त्यानं केलं. मी सांगून थकलो, माझं तो ऐकत नाही. तू सांग, तू टेक्निशियन, तुझं ऐकेल." त्यांनी मला ओढत नेऊन बसच्या रांगेत शेवटी उभं केलं. "ही बस चौकला जाते. आजच जा."

रिक्षा आली. "मीटरसे चलनेका," ते रिक्षावाल्याला सांगत होते. "मैं टीचर है, मेरे को रेट मालूम है." रिक्षावाला काहीतरी पुटपुटला. ते वाकून आत बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. रिक्षा वळून गर्दीत शिरली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी रांगेत उभा आहे एवढं त्यांना पुरेसं होतं.

बस लागली तेव्हा मी रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला, घराकडे चाललो होतो.